ती खिडकी बंद करण्याआधी एकदा वाच

अगं, फाईल उघडायला गेलं की संगणकावर मध्येच एक खिडकी उघडते ना, ‘ही फाईल खरंच उघडायची का?’ असं विचारणारी, तिच्याबद्दल आज जरा निवांत बोलू. मंगळवार आहे, ताडोबाच्या कोअर जंगलाचं गेट बंद, म्हणजे मोहर्लीतल्या होमस्टेवाल्या घरांत आज थोडी उसंत. एरवी तुझी धावपळ मला माहीत आहे. पाहुण्यांचा चहा-पोहे उरकत नाही तोच त्यांचं सफारीचं परमिट छापायचं, ओळखपत्रांचे फोटो नीट ठेवायचे, जिप्सीचे आणि गाईडचे पैसे मांडायचे, बचत गटाचं रजिस्टर भरायचं. पहाटेच्या फेरीला पाहुणे गेटवर वेळेत पोचले पाहिजेत, प्रिंटर गरम व्हायला वेळ घेतो, आणि नेमकी तेव्हाच ही खिडकी आडवी येते. मग तू न वाचता ‘रन’ नाहीतर ‘येस’ दाबून मोकळी होतेस. दहापैकी दहा जणी हेच करतात. तरी मला ते सोडवत नाही, कारण त्या संगणकात फक्त तुझंच काही नाही. परक्या माणसांची आधार कार्डं आहेत त्यात.

आधी ती येते का, ते समजून घे. ही सोय विंडोज एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकबरोबर आली, ऑगस्ट २००४ मध्ये. तेव्हापासून इंटरनेटवरून किंवा ईमेलमधून एखादी फाईल तुझ्या संगणकावर उतरली की ब्राउझर तिच्या पाठीला गुपचूप एक चिठ्ठी चिकटवतो. त्या चिठ्ठीत एक आकडा असतो. ३ असेल तर फाईल इंटरनेटवरून आली, ४ असेल तर धोकादायक म्हणून ठरवलेल्या जागेवरून आली. चिठ्ठी फाईलच्या आत नसते, शेजारी असते, म्हणून उघडून पाहिलं तर दिसत नाही. विंडोज मात्र ती वाचतं आणि तुला विचारतं. म्हणजे ही खिडकी आली याचा अर्थ व्हायरस सापडला असा नाही. फाईल बाहेरून आली आहे आणि ती निर्धोक आहे की नाही ते विंडोजला ठाऊक नाही, एवढंच त्यात असतं.

तुझा नवरा गाईड असेल तर त्याला विचार, जंगलात चितळाचा कॉल आला म्हणजे प्रत्येक वेळी वाघ असतो का? नसतो. चितळ पाल्याच्या खसफशीनेही ओरडतं. पण सांबराचा कॉल आला की गाईड हमखास जिप्सी थांबवायला लावतो. संगणकाच्या इशाऱ्यांचंही असंच आहे. सगळे सारख्या वजनाचे नाहीत, आणि कोण ओरडतंय हे ओळखता आलं की निम्मी भीती जाते.

पांढऱ्या खिडकीपासून सुरुवात कर. ‘ओपन फाईल, सिक्युरिटी वॉर्निंग’ असं जिच्यावर लिहिलेलं असतं, ती. तिच्यात चार ओळी असतात: फाईलचं नाव, पब्लिशर, टाइप आणि फ्रॉम. या चार ओळी वाचायला दहा सेकंदही लागत नाहीत. पब्लिशर म्हणजे ती बनवणारी कंपनी. तिथे ‘अननोन’ असेल तर बनवणाऱ्याने डिजिटल सही केलेली नाही. मराठी टायपिंगची जुनी साधनं, फॉन्ट बसवणाऱ्या फाईली यांच्यावर पुष्कळदा अशी सही नसते, म्हणून ती रोज उघडताना रोज ही खिडकी येते. टाइपची ओळ माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची. तू परमिटची पीडीएफ समजून क्लिक केलंस आणि तिथे ‘अ‍ॅप्लिकेशन’ लिहिलेलं दिसलं, तर ते परमिट नाही. कॅन्सल दाब आणि फाईल पुसून टाक, पाहुण्याने कितीही घाई केली तरी.

आता खात्रीची फाईल असून ती पुन्हा पुन्हा अडवत असेल तर काय करायचं? फाईलवर उजवं क्लिक, सर्वांत खाली प्रॉपर्टीज, त्यात जनरल नावाचं पान. तिथे तळाशी सिक्युरिटी असं लिहिलेलं असतं आणि शेजारी ‘अनब्लॉक’ असा छोटा चौकोन. त्यात टिक कर, अप्लाय, ओके. चिठ्ठी गेली, खिडकी पुन्हा येणार नाही. हे त्या एका फाईलपुरतंच झालं, बाकीच्यांवरचा पहारा तसाच आहे.

एवढं करूनही ती येतच राहिली तर दोन कारणं बघ. एक, तू डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटवर अनब्लॉक शोधत असशील. चिठ्ठी शॉर्टकटवर नसते, मूळ प्रोग्रॅमवर असते. शॉर्टकटवर उजवं क्लिक करून ‘ओपन फाईल लोकेशन’ घे आणि तिथल्या फाईलवर हे सगळं कर. दुसरं, प्रोग्रॅम ‘प्रोग्रॅम फाईल्स’ नावाच्या फोल्डरात असेल तर तिथे बदल करायला विंडोज अ‍ॅडमिनची परवानगी मागतं. खिडकीतली ‘दरवेळी विचार’ ही टिक काढली तरी तिथे ती टिकत नाही ती त्यामुळेच. अशा वेळी फाईल डॉक्युमेंट्समध्ये आणून अनब्लॉक करायची, मग परत जागेवर ठेवायची.

झिप फाईलचं मात्र नीट ऐक, कारण मोहर्लीत हा त्रास फार. पाहुणे घरी परतले की वाघाचे दोनशे फोटो एका झिपमध्ये बांधून पाठवतात, ‘ताई, तुमच्या भिंतीवर लावा’ म्हणून. तू झिप उलगडतेस आणि तिची चिठ्ठी विंडोज आतल्या एकेका फाईलला लावून टाकतं. मग किती फाईलींचं अनब्लॉक करत बसशील? म्हणून आधी झिपवरच अनब्लॉक कर आणि मगच ती उलगड. सगळं एकदम सुटतं. पण ते झिप खरंच त्या पाहुण्यानेच पाठवलं आहे ना, हे फोन करून विचारून घे. व्हॉट्सअ‍ॅपवरचं नाव पुरेसं नाही, खाती चोरीला जातात.

अलीकडे तुला आणखी एक अडचण आली असेल. फोल्डरात पीडीएफवर एकदा क्लिक केलं की उजव्या बाजूला ती न उघडताच दिसायची, आता तिथे ‘ही फाईल धोक्याची असू शकते’ असं येतं. संगणक बिघडलेला नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने चिठ्ठीवाल्या फाईलींची अशी झलक बंद केली, कारण नुसत्या झलकेतूनही तुझ्या लॉगिनची गुपितं बाहेर काढता येत होती. परमिट डबल क्लिक करून उघड, व्यवस्थित छापलं जाईल. त्याच महिन्यात, १४ तारखेला, विंडोज १० ची नेहमीची साथही संपली. तुझ्या संगणकावर अजून तेच असेल तर पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर कोअर बंद असतं तेव्हा, त्याचा निकाल लावून टाक. हंगामात तुला वेळ मिळणार नाही.

रिसेप्शनचा एक आणि घरचा एक असे दोन संगणक राउटरने जोडलेले असतील आणि एकावरची फाईल दुसऱ्यावर उघडताना खिडकी येत असेल, तर विंडोज तुझ्याच घरातल्या संगणकाला बाहेरचा समजतंय. कंट्रोल पॅनेल, इंटरनेट ऑप्शन्स, सिक्युरिटी, लोकल इंट्रानेट, साइट्स, अ‍ॅडव्हान्स्ड असं जाऊन त्या संगणकाचं नाव तिथे घालायचं. झालं.

आता सांबराचे कॉल. निळा मोठा पडदा येतो, ‘विंडोजने तुमच्या संगणकाचं रक्षण केलं’ अशा अर्थाचा. तो विंडोजच्या स्मार्टस्क्रीन या पहारेकऱ्याचा. फार थोड्या लोकांनी उतरवलेला, ओळख नसलेला प्रोग्रॅम असला की तो येतो. ‘मोअर इन्फो’ दाबलं की खाली ‘रन एनीवे’ दिसतं, आणि ते बटण तुला कोणीतरी दाखवून ठेवलं असेलच. प्रोग्रॅम बनवणाऱ्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून तू मुद्दाम उतरवला असशील तरच ते दाब. फुकटचं सॉफ्टवेअर, तोडलेलं लायसन, ‘स्पीड वाढवा’वाली साधनं यांच्यासाठी नाही. डिफेंडरने, म्हणजे विंडोजमधल्याच व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रॅमने, फाईल अडवली असेल, तर तिथे वाद घालूच नकोस.

वर्ड आणि एक्सेलचंही दोन तऱ्हेचं आहे. पिवळी पट्टी येते तेव्हा फाईल नुसती वाचायला उघडलेली असते. वाचून काम भागत असेल तर ‘एनेबल एडिटिंग’ दाबायची गरजच काय? लाल पट्टी आली तर त्या फाईलमध्ये मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञावली आहे. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. त्यामागे मोठं दुखणं आहे. २०१६ साली लॉकी नावाचा खंडणीचा व्हायरस जगभर पसरला, आणि तो येत होता बिलाच्या नावाने ईमेलला जोडलेल्या साध्या वर्ड फाईलमधून. उघडली की आत अगम्य अक्षरं दिसायची आणि ‘वाचता येत नसेल तर मॅक्रो चालू करा’ अशी सूचना. चालू केले की सगळ्या फाईली कुलूपबंद, आणि किल्लीसाठी बिटकॉइनमध्ये पैसे. त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईला मंत्रालयातले संगणकसुद्धा त्याच्या तावडीत सापडले. तिथे संगणक सांभाळायला स्वतंत्र माणसं असतात गं. तुझ्याकडे तूच आहेस.

आणि चोरही शिकतात. लाल पट्टी आडवी येते म्हणून आता काही जण निरोपातच लिहून पाठवतात: उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीज घ्या, अनब्लॉक करा. मी वर तुला शिकवलं तेच. म्हणून हे घट्ट धर: अनब्लॉक कसं करायचं हे फाईल पाठवणाराच सांगत असेल, तर ती फाईल उघडायची नाही. तसंच एखाद्या पानावर ‘तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा’ म्हणून विंडोज आणि आर ही बटणं दाबून काहीतरी पेस्ट करायला सांगितलं, तर पान तिथेच बंद कर. कुठलंही खरं पान असं सांगत नाही.

पडदाभर लाल रंग, कर्कश भोंगा आणि ‘या नंबरवर ताबडतोब फोन करा’, हे तर उघड खोटं. विंडोजच्या खऱ्या इशाऱ्यात फोन नंबर कधीच नसतो. ब्राउझर बंद कर, बंद होत नसेल तर संगणकच बंद कर. कोपऱ्यात सारख्या ‘व्हायरस आला’च्या सूचना येत असतील तर कधीतरी कुठल्या पानाला ‘अलाउ’ म्हटलं गेलंय. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशन्स उघडून ओळख नसलेली सगळी नावं काढून टाक.

आता मनातलं. घरातला एखादा हुशार पोरगा, भाचा, दीर, म्हणेल, ‘वहिनी, ही कटकटच बंद करून देतो.’ इंटरनेट ऑप्शन्समध्ये जाऊन ‘धोकादायक फाईली उघडणे’ याला कायमचं ‘एनेबल’ करता येतं, रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत, एक आकडा बदलून चिठ्ठी चिकटवणंच थांबवता येतं. त्याचा हेतू चांगलाच असतो. तरी नाही म्हण. मग पांढरी खिडकी तर जातेच, पण रजिस्ट्रीतल्या बदलानंतर चिठ्ठीच नसल्याने निळा पडदा, पिवळी पट्टी, लाल पट्टी यांनाही फाईल बाहेरची आहे हे कळत नाही. सगळा पहारा एका चिठ्ठीवर उभा आहे. कोणी आधीच असं करून ठेवलं असेल तर इंटरनेट ऑप्शन्सच्या सिक्युरिटीमध्ये ‘रिसेट ऑल झोन्स टू डिफॉल्ट लेव्हल’ दाब, आणि रजिस्ट्रीतला बदल त्याच्याकडूनच उलटा करून घे. ‘मला कळत नाही’ म्हणून संगणक दुसऱ्याच्या हाती सोपवू नकोस. एमएस-सीआयटी तूही केलंस ना? होमस्टे तू चालवतेस, मग त्याच्या किल्ल्याही तुझ्याकडेच असायला हव्यात.

पेनड्राइव्हबद्दल सावध राहा. बहुतेक पेनड्राइव्हच्या रचनेत ही चिठ्ठी टिकतच नाही, फाईल त्यातून फिरून आली की कोरी होते. म्हणजे चंद्रपूरच्या झेरॉक्सच्या दुकानातून आलेल्या पेनड्राइव्हवर खिडकी आली नाही म्हणून ती फाईल निर्धोक ठरत नाही. पेनड्राइव्ह लावला की आधी उजवं क्लिक करून डिफेंडरने तपासून घे. शंका आली म्हणून पाहुण्यांची ओळखपत्रं कुठल्या ऑनलाइन तपासणीच्या पानावर मात्र चढवू नकोस, ती तिथून आणखी कुणाकुणाला दिसतात.

फोनवरचा धोका तर याहून जवळचा. लग्नाची पत्रिका, आरटीओचं चलान अशा नावांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके, म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणाऱ्या, फाईली फिरतात. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके कधीच नसते. ‘अननोन अ‍ॅप’ बसवायची परवानगी फोन मागेल तेव्हा नकारच दे. आणि जिप्सीचं चलान आलंय का हे पाहायचं असेल तर परिवहन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून पाहता येतं.

आज एवढंच कर. फोल्डर उघडून वर ‘व्ह्यू’मध्ये जा, विंडोज ११ असेल तर त्यातल्या ‘शो’मध्ये, आणि ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’ला टिक कर, म्हणजे नावात पीडीएफ आणि शेपटाला ईएक्सई, म्हणजे प्रोग्रॅम, अशी लबाडी तुला लगेच दिसेल. आणि १९३० हा सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक फोनमध्ये जतन करून ठेव. पैसे गेल्याचं कळलं की घरात कोण काय म्हणेल याचा विचार न करता आधी तिथे फोन लाव. जितका लवकर लावशील तितकी ते पैसे वाटेतच अडवता येण्याची शक्यता जास्त.