अमेरिकेला निघालेल्या धाकट्या बहिणीला

अगं, लेकीच्या बाळंतपणाला निघालीस, डिंक, खारीक, अळीव सगळं बॅगेत भरलंस. आता पायांचं ऐक. वॉर्डात जन्म काढलाय, म्हणून जीव तोडून सांगते.

मुंबईहून थेट विमान असलं तरी पंधरा-सोळा तासांची बैठक. पायांतलं रक्त वर चढतं ते पोटरीचे स्नायू शिरा दाबतात म्हणून. पोटरी हलली नाही की खोल शिरांत रक्त साचतं, गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेततं. १९४० साली लंडनवर बॉम्ब पडत होते, तेव्हा लोक आसऱ्याच्या जागी रात्ररात्र आरामखुर्च्यांत बसून काढत. त्यांच्यातले असे मृत्यू डॉ. कीथ सिम्प्सन यांनी नोंदवले. तेव्हा दोष विमानाचा नाही, बसून राहण्याचा आहे.

खिडकीची नको, कडेची जागा घे. सारखं बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी तोडायची आपल्या बायकांची खोड, ती सोड. त्या निमित्ताने तरी उठशील. बसल्या जागी टाचा उचल, मग चवडे, पुन्हा टाचा. सीटवर मांडी घालायची नाही, पायांपुढे पिशव्या कोंबायच्या नाहीत, झोपेची गोळी तर भाऊजींनाही नको. तुझ्या पायांवर निळ्या शिरा फुगलेल्या आहेत, तेव्हा निघण्याआधी डॉक्टरांना दाखव. ते म्हणाले तर गुडघ्याखालपर्यंतचे दाबाचे मोजे माप देऊनच घे. ॲस्पिरिन आपल्या मनाने घेऊ नकोस.

उतरल्यावर दोन्ही पावलं थोडी सुजतात, एक-दोन दिवसांत ओसरतात. पण एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखली, तर गोळा आला म्हणून तेल लावून चोळायची नाही, कुणाकडून चेपूनही घ्यायची नाही. त्याच दिवशी हॉस्पिटल. दम लागला किंवा श्वास घेताना छातीत दुखलं तर लगेच ९११ला फोन. हे प्रवासानंतर काही आठवड्यांनीही होऊ शकतं. तिथला खर्च फार म्हणून जावयासमोर गप्प राहू नकोस. प्रवासविमा त्यासाठीच काढलाय.

आणि लेक. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत हा धोका जास्त असतो. सव्वा महिना तिला खाटेला खिळवून ठेवू नकोस. सिझर झालं तरी डॉक्टर सांगतील तसं हिंडू दे. मालिश करताना तिचा एकच पाय सुजलेला दिसला, तर हात तिथेच थांबव आणि आधी डॉक्टरांना फोन लाव.