वसंतातील श्रमदान आणि कालबैशाखी

चैत्र व वैशाख हे महाराष्ट्रात वसंत ऋतूचे महिने मानले जातात. बंगालमध्ये वसंताची गणना फाल्गुन व चैत्र अशी होते. गणना कोणतीही स्वीकारली, तरी एप्रिलच्या मध्यास पश्चिम बंगालमधील हवेचा भरवसा धरता येत नाही. सकाळी निरभ्र असलेले आकाश दुपार कलताच वायव्येस काळवंडते, धुळीचा लोट उठतो आणि थोड्याच वेळात झाडे उन्मळून पडतात. या वादळास तेथील लोक कालबैशाखी म्हणतात. त्याच्या येण्याच्या दिशेवरून इंग्रजीत त्यास नॉर्वेस्टर असे नाव पडले.

तळ्यांतील गाळ उपसण्याचा काळही नेमका हाच होय. कारण पाणी आटलेले असते व पावसाळा अद्याप दूर असतो. बीरभूम जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात चाळीस विद्यार्थी स्वयंसेवक एका दिवसाच्या श्रमदानासाठी गेले आहेत, अशी कल्पना करू. सभोवती तांबड्या मातीचा उघडा माळ आहे, काठावर ताडाची चार झाडे आहेत, आणि शाळेची पक्की इमारत तळ्यापासून दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. काम केव्हा थांबवावे, हा तुकडीच्या प्रमुखापुढील खरा प्रश्न होय. आणि त्याचे उत्तर त्यास लख्ख ऊन असतानाच द्यावे लागते.

या दिवसांत बंगालच्या उपसागरावरून येणारा दमट वारा जमिनीलगत वाहत असतो. छोटा नागपूरच्या तापलेल्या पठारावरून येणारी कोरडी हवा त्याच्यावर थरासारखी पसरते. खालची हवा उन्हाने तापून वर जाऊ पाहते, परंतु हा उष्ण व कोरडा थर पातेल्यावरील झाकणाप्रमाणे तिला अडवून धरतो. दिवस चढतो तशी खाली ऊब व आर्द्रता साठत जाते. सकाळी जीव नकोसा करणारा उकाडा जाणवतो तो यामुळेच. अखेर कोठे तरी झाकण फुटते आणि कोंडलेली हवा वेगाने वर उसळते. काही वेळातच बारा ते पंधरा किलोमीटर उंचीचा मेघ उभा राहतो. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा पसरतो. झाकण फुटलेच नाही, तर दिवस घाम गाळण्यातच सरतो.

यावरून हवामानाच्या अंदाजाची मर्यादाही ध्यानात येईल. चुलीवरचे दूध उतू जाणार हे सांगता येते. पहिला बुडबुडा कोठे फुटेल हे सांगता येत नाही. ‘जिल्ह्यात काही ठिकाणी गडगडाटी वादळ संभवते’ ही सकाळची सूचना म्हणूनच मोघम वाटली, तरी ती प्रामाणिक असते. पुढील तीन तासांसाठी भारतीय हवामान विभाग रडारच्या साहाय्याने अधिक नेमकी सूचना देतो. पुण्याच्या भारतीय उष्णप्रदेशीय मौसमविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे भ्रमणध्वनीवरील साधन आसपास पडणाऱ्या विजांची माहिती देते. तथापि खेड्यात संपर्क तुटला, की प्रमुखास स्वतःचे डोळे, कान व थोडेसे गणित यांवरच विसंबावे लागते.

ते गणित असे. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एक किलोमीटरला सुमारे तीन सेकंद. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत तीस सेकंद लागले, तर वीज दहा किलोमीटरवर आहे. वादळ ताशी ५० किलोमीटर वेगाने सरकत असेल, तर ते बारा मिनिटांत तळ्यावर येईल. शाळेची वाट दहा मिनिटांची! चाळीस जणांना हाका मारणे, त्यांची मोजणी करणे, ‘एवढी चार घमेली टाकून येतो’ म्हणणाऱ्यास बाहेर काढणे, यांस उरलेली दोन मिनिटे पुरत नाहीत. शिवाय वीज पावसाच्या पुढे कित्येक किलोमीटरवरही पडू शकते. म्हणून अशा ठिकाणी गडगडाटाची वाट पाहणे हाच उशीर होय. वायव्येस ऐरणीच्या आकाराचा मेघ दिसला व दक्षिणेचा वारा एकाएकी पडला, की निघावे. अंगावर गार झोत येतो तेव्हा वादळ दाराशी आलेले असते. पावसाने थंड झालेली जड हवा मेघातून खाली कोसळून त्याच्या पुढे धावते, तीच ही हवा.

भारतात दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने मृत्यू पावतात, आणि त्यांतील अनेकांनी झाडाचा आसरा घेतलेला असतो. उंच ताडावर वीज पडली, की खोडातून उतरणारा प्रवाह जवळच्या माणसाकडे उडी घेतो. तसेच तो जमिनीतूनही पसरतो. दूरदूर टेकलेल्या दोन पायांमध्ये विद्युत्दाबाचा फरक पडतो व प्रवाह शरीरातून वाहतो. गुरांच्या पुढच्या व मागच्या पायांतील अंतर मोठे असल्यामुळे एका विजेने अनेक जनावरे दगावतात, ती याच कारणाने. उघड्यावर अडकल्यास निर्धोक जागा नसते. तरी झाडापासून दूर, एकमेकांपासून अंतर राखून, पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे होऊ नये. वीज लागलेल्या माणसाच्या शरीरात विद्युत्भार साठून राहत नाही. त्यास स्पर्श करण्यास भय नाही. श्वास थांबला असल्यास त्याची छाती तत्काळ लयीत दाबू लागावे व मदत बोलवावी.

तेथील शेतकरी मात्र याच वादळाची वाट पाहतो. तागाच्या पिकास या सरींचा मोठा आधार असतो. मोहरानंतर धरलेले आंबे झडतात, हा त्याचा तोटा. महाराष्ट्रातील वळवाचा पाऊसही असाच दुहेरी.

शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास जाईपर्यंत स्वयंसेवकांनी शाळेतच थांबावे. पाऊस ओसरला म्हणजे वीज गेली असे नव्हे. फावडी व कुदळी तळ्यातच राहिली तरी हरकत नाही. भिजलेला गाळ त्या सायंकाळी उपसता येत नाहीच. ही वादळे बहुधा दुपारनंतर येत असल्यामुळे पुढचे श्रमदान पहाटे साडेपाचला सुरू करून अकराच्या आत आटोपावे. शाळेपर्यंतची वाट मात्र प्रमुखाने काम सुरू होण्यापूर्वी स्वतः चालून, घड्याळ लावून मोजून ठेवावी.