कर्करोग एकाचा दुसऱ्याला होतो काय?

(द्वितीय वर्ष, कला)

कॅन्सर हा शिवाशिवीने होणारा रोग नाही, असे आपण नेहमी ऐकतो. तरीही काही प्राण्यांत तो एकाच्या शरीरातून दुसऱ्याच्या शरीरात जातो, असे वाचनात आले तेव्हा मनात प्रश्न उभा राहिला : मग माणसाचे काय? मी कला शाखेची विद्यार्थिनी. विज्ञानाशी माझा संबंध दहावीपुरताच. परंतु आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच, त्यामुळे गावी गेले की असले प्रश्न मलाच विचारले जातात. त्यासाठी केलेल्या वाचनाचे सार येथे मांडीत आहे.

प्रथम कर्करोग म्हणजे काय ते पाहू. आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. जुन्या पेशी मरतात, नव्या तयार होतात. या कामाला एक शिस्त असते. एखादी पेशी ही शिस्त मोडून वाटेल तशी वाढू लागली की गाठ बनते आणि पुढे ती इतर अवयवांत पसरते. हा बाहेरून आलेला शत्रू नव्हे, घरचाच माणूस फितूर झालेला! म्हणूनच एरवी रोग्याबरोबर त्याच्या कर्करोगाच्या पेशीही संपतात.

या नियमाला एक अपवाद कुत्र्यांचा आहे. १८७६ साली नोविन्स्की या रशियन पशुवैद्याने एका कुत्र्याच्या गाठीचा तुकडा दुसऱ्या कुत्र्याच्या अंगात रुजवून दाखविला. जननेंद्रियावर होणारी ही गाठ मुख्यतः समागमातून एकाची दुसऱ्याला लागते. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले की, देशोदेशींच्या कुत्र्यांमधील या गाठींच्या पेशी त्या त्या कुत्र्याच्या नाहीतच. त्या सर्व एकाच मूळ प्राण्याच्या पेशींच्या वंशज आहेत. तो प्राणी हजारो वर्षांपूर्वी मेला, पण त्याचा कर्करोग आजही जिवंत आहे. आपल्याकडील भटक्या कुत्र्यांतही हा रोग आढळतो. त्यावर व्हिन्क्रिस्टीन हे औषध बहुधा चांगले लागू पडते, आणि ते मिळते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून!

दुसरा अपवाद अधिक दारुण आहे. ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेस असलेल्या टास्मानिया बेटावर ‘टास्मानियन डेव्हिल’ नावाचा, लहान कुत्र्याएवढा मांसाहारी प्राणी राहतो. भक्ष्यावरून व विणीच्या हंगामात हे प्राणी एकमेकांच्या तोंडाला कडकडून चावतात. १९९६ साली तोंडावर गाठी असलेला डेव्हिल प्रथम दिसला. चावताना गाठीतील पेशी दुसऱ्याच्या जखमेत शिरतात आणि तेथे रुजतात. गाठींनी तोंड भरले की प्राण्याला खाता येत नाही आणि तो बहुधा काही महिन्यांत मरतो. रोग पोहोचला तेथे त्यांची संख्या झपाट्याने घटली. २०१४ साली स्वतंत्रपणे उद्भवलेली अशीच दुसरी गाठही सापडली. समुद्रातील शिंपल्यांच्या काही जातींतही असा रोग असल्याचे २०१५ पासून उघड झाले आहे.

मग माणसाने भ्यावे काय? प्रत्येकाच्या पेशींवर ओळखपत्रासारखी प्रथिने असतात आणि ती माणसागणिक वेगळी असतात. परकी पेशी आत शिरली की शरीराची प्रतिकारशक्ती तिला ओळखून मारते. म्हणून तर दुसऱ्याचे मूत्रपिंड बसविले की ही शक्ती दाबून ठेवणारी औषधे घ्यावी लागतात. डेव्हिलांच्या गाठीतील पेशी मात्र आपले ओळखपत्रच लपवितात.

माणसांतही अपवाद घडले आहेत. दान केलेल्या अवयवातून किंवा गर्भवती मातेकडून बाळाकडे कर्करोग गेल्याच्या नोंदी आहेत. शस्त्रक्रिया करताना हाताला जखम झालेल्या एका सर्जनच्या हातात रोग्याच्याच पेशींची गाठ वाढल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. परंतु अशा घटना अत्यंत विरळा. एकाकडून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला अशी साखळी माणसांत आढळलेली नाही.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांशी एका विषाणूमुळे होतो, आणि ‘ब’ प्रकारच्या काविळीच्या विषाणूमुळे यकृताचा कर्करोग होऊ शकतो. हे विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, कर्करोग जात नाही. आणि या दोन्ही विषाणूंवर लस आहे.

हा विषय मला केवळ कुतूहलाचा वाटत नाही. आमच्या भावकीतील एका काकूंना तोंडाचा कॅन्सर झाला, तेव्हा त्यांचे ताट-तांब्या वेगळे ठेवले गेले. पोरांना त्यांच्याजवळ बसू देत नसत. रोगाच्या वेदना होत्याच. त्यात आपल्याच घरात परके होण्याचे दुःख त्यांच्या वाट्याला आले. त्यांच्या ताटातून कोणाला काही होणार नव्हते. भ्यायचेच होते तर त्या वर्षानुवर्षे दातांना लावीत त्या मिश्रीला भ्यायला हवे होते. ती मिश्रीची डबी मात्र घरातल्या इतर बायकांच्या हातून तशीच फिरत राहिली.

तात्पर्य, डेव्हिलाचा रोग त्या प्राण्यांपुरता आहे. माणसाने तंबाखू सोडावी, लस घ्यावी, तोंडात न भरणारी जखम दिसताच डॉक्टरांना दाखवावे. आणि कॅन्सरच्या रोग्याजवळ निःशंक मनाने बसावे. आपण कॉलेजात शिकणाऱ्यांनी निदान एवढे तरी आपापल्या घरी सांगावे.