ओढ्याचे पाणी कोठे जाते? : एक परिसर-पाठ
(इयत्ता ४ थी व ५ वी : भूगोल व सामान्य विज्ञान)

गोराईच्या धक्क्यावर उभे राहून बोरिवलीकडे पाहिले म्हणजे मध्ये खाडी, काठाला तिवरांची झाडी आणि पलीकडे उंच इमारतींची रांग दिसते. पावसाळ्यात या खाडीचे पाणी गढूळ होते. ही माती कोणाची, असा प्रश्न तेथील मुलांना विचारावा. खाडीची म्हणून मुले सांगतील. ती डोंगराची आहे, हे उत्तर त्यांच्याकडूनच काढून घेणे हा या पाठाचा आरंभ होय. आपली शाळा गोराईपासून कितीही दूर असली तरी प्रश्न तोच राहतो. ओढ्याचे नाव तेवढे बदलते.

दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाच्या परिसरात उगम पावते. वनातून ती खडकांवरून स्वच्छ वाहत येते आणि वस्तीत शिरताच तिचा नाला होतो. गोठ्यांचे शेण, घरांचे सांडपाणी, प्लॅस्टिक हे सर्व पोटात घेऊन ती मनोरीच्या खाडीस मिळते. पोईसर, ओशिवरा व मिठी यांची कथा निराळी नाही. मोठी माणसे या नद्यांना सर्रास ‘नाला’ म्हणतात, आणि मुलेही तोच शब्द उचलतात. ज्यास नाला म्हटले त्यात कचरा टाकताना हात अडखळत नाही. म्हणून पाठात शिक्षकाने ‘नदी’ हाच शब्द आग्रहाने वापरावा.

यानंतर २६ जुलै २००५ चा दिवस सांगावा. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच शहरात कुलाब्यास अवघा ७३. आकडा नुसता सांगून मुलांच्या मनात काही उभे राहत नाही. गणिताचा आधार घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होते. शाळेचे अंगण दहा मीटर लांब व दहा मीटर रुंद धरल्यास त्या पावसाचे पाणी ९४,४०० लिटर झाले. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजल्यास सहा हजारांहून अधिक हंडे! मुंबईची जुनी गटारे ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या अंदाजाने बांधलेली होती, तीही ओहोटी असताना. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने ही क्षमता ताशी ५० मिलिमीटर करावी असे सुचविले. त्यातील बरेचसे काम २००५ च्या पुरानंतरच वेगाने हाती घेतले गेले.

ओहोटीची अट का, हे कोळ्यांचे मूल शिक्षकाहून चांगले सांगेल. त्यास सांगू द्यावे. उधाणाच्या भरतीत समुद्राची पातळी गटारांच्या मुखांहून वर चढते. मग पाणी बाहेर जाण्याऐवजी आत येऊ पाहते. यासाठी इर्ला, हाजी अली, लव्ह ग्रोव्ह आदी ठिकाणी उदंचन केंद्रे उभारली आहेत. तेथे झडपा भरतीचे पाणी अडवितात व पंप आतले पाणी बाहेर फेकतात. परळला हिंदमाता भागातील पाणी साठविण्यासाठी तर मैदानांखाली मोठ्या टाक्याच बांधल्या गेल्या आहेत.

या टाक्यांविषयी वाचताना मनात येते की, हेच काम पूर्वी शेतजमीन, तळी व तिवरे फुकट करीत होती. एक प्रयोग करावा. दोन पराती सारख्या तिरक्या ठेवाव्यात. एकीत गवतासह मातीचा थर, दुसरीत फरशीचा तुकडा. झारीने दोहोंवर सारखेच पाणी घालावे आणि खाली कोठून किती लवकर पाणी आले ते मुलांनी पाहावे. फरशीवरचे पाणी धावत येते, मातीवरचे थांबत थांबत. शहरातील पूर समजण्यास एवढे पुरे आहे.

२००५ नंतर नदीकाठी भिंती बांधल्या गेल्या. त्यांनी अतिक्रमणास आळा बसतो, हे मान्य. पण भिंतीत कोंडलेली नदी पसरू शकत नाही, तिचा वेग वाढतो आणि काठच्या मातीत पाणी मुरत नाही. दहिसर व पोईसरकडे जाणारे सांडपाणी अडवून शुद्ध करण्याची योजना महापालिकेने अलीकडे आखली, ती मला अधिक मोलाची वाटते. सोल शहराने उन्नत रस्ता पाडून चोंग्येचोन हा गाडलेला ओढा २००५ मध्येच पुन्हा उघडा केला. त्यातही बरेचसे पाणी पंपाने आणून सोडावे लागते, हे मात्र मुलांपासून लपवू नये.

पाठानंतर प्रत्येक मुलाने घरातील वडीलधाऱ्यांना गावच्या ओढ्याचे जुने नाव, त्यात पूर्वी मिळणारे मासे व पुराची खूण विचारून वहीत लिहावी. खुणा एकत्र करून वर्गात ओढ्याचा नकाशा काढावा. ओढ्याकाठी सहल न्यावयाची ती पाऊस उघडल्यावर, पाणी ओसरल्यानंतरच. आणि खाडीकाठच्या शाळांनी त्या दिवशीच्या भरतीची वेळ आधी विचारून घ्यावी.