वेताळाचा गठ्ठा हाती घेताना

गठ्ठे आता तुझ्या घरी आलेत, तर आधी एवढं ऐक. अंक इंद्रजाल कॉमिक्सच्या क्रमांकाने लावलेले आहेत, ते तसेच राहू देत. तुला वेताळ पहिल्यापासून कालक्रमाने वाचायचाय, याचा मला मनापासून आनंद आहे. पण तो क्रम वहीत लाव, कपाटात नको. अंक सारखे वरखाली केले की कोपरे दुमडतात, पिनेपाशी पानं सुटतात, आणि हा कागद आता ते सोसणारा राहिलेला नाही. बांधून घेतलेल्या खंडांची शिवण उसवायचा मोह होईल, तोही आवर. बाइंडिंगवाल्याने कडा कापलेल्या असतात, त्यामुळे अंक सुटा काढला तरी पहिल्यासारखा होत नाही. खंडात चिठ्ठी घाल, वहीत खंड आणि पान लिही, की झालं.

आता क्रम कोणता धरायचा ते सांगते, कारण सगळी मजा त्यावरच आहे. वेताळाला तीन क्रम आहेत. एक इंद्रजालचा, मार्च 1964 ते 1990. दुसरा गोष्टीच्या आतला: 1536 साली समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला पहिला वेताळ, बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून त्याने घेतलेली शपथ, आणि तिथून पिढ्यांमागून पिढ्या, एकविसाव्यापर्यंत. तिसरा क्रम ली फॉक यांनी गोष्टी लिहिल्या तो. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत रोजची पट्टी 17 फेब्रुवारी 1936 ला सुरू झाली तिथपासूनचा.

तू तिसरा धर.

पूर्वजांच्या गोष्टी शतकांप्रमाणे आधी वाचाव्यात असं तुला वाटेल. पण त्या गोष्टी एकविसावा वेताळ कवटीच्या गुहेतल्या जुन्या बखरी उघडतो तेव्हा आपल्यापुढे येतात. तो त्या का उघडतो, समोर कोणतं संकट आहे, हे कळल्याशिवाय त्यांचा अर्धा जीव जातो. आणि इंद्रजालच्या क्रमाने वाचशील तर वेताळ कधी तरुण, कधी संसारी, कधी पुन्हा ब्रह्मचारी. संपादकांनी नव्याजुन्या गोष्टी मिसळून छापल्या. पहिल्याच अंकात आलेली वेताळाच्या कमरेच्या पट्ट्याची गोष्ट मुळात विल्सन मॅकॉय यांच्या चित्रांच्या काळातली, म्हणजे वेताळ वर्तमानपत्रात बरीच वर्षं मुरल्यानंतरची. फॉकच्या क्रमाने गेलीस तर एक माणूस आपल्या हातच्या पात्राला वर्षानुवर्षं कसा ओळखत गेला, ते दिसतं. मला तरी वेताळातलं सगळ्यात मोलाचं तेच वाटतं. 1936 च्या पहिल्या गोष्टीत जिमी वेल्स नावाचा एक श्रीमंत तरुण आहे. तोच मुखवटा घालणार, असं फॉकच्या मनात होतं. गोष्ट चालू असतानाच विचार बदलला आणि वेताळ जंगलात गेला. हे माहीत असलं की ती सुरुवातीची पानं फार हळू वाचावीशी वाटतात.

अंकावर मूळ साल नसतं, तेव्हा ओळखायचं कसं? चित्रं बघ, आतली. मुखपृष्ठावरून काही ठरवू नकोस. ती इथल्या चित्रकारांनी, मुख्यतः गोविंद ब्राह्मणिया यांनी रंगवलेली आहेत, आणि सुंदर आहेत, पण मूळ काळ सांगत नाहीत. आत दाट काळी शाई, रात्र, सावलीत अर्धवट दिसणारे चेहरे असतील, तर ते रे मूर. रेषा सरळसोट, माणसं थोडी ताठ, मागे फारसं काही नाही, तर मॅकॉय. त्यांना काहीजण कच्चं समजतात. मला नाही पटत, त्यांच्या चौकटीत डोळा कुठे अडत नाही आणि गोष्ट धावते. मॅकॉय 1961 मध्ये गेले. त्यानंतर लवकरच साय बॅरी आले आणि 1994 पर्यंत राहिले. पीळदार शरीर, नेटके चेहरे, झाडापानांचे बारकावे. आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर वेताळ म्हटलं की येतो तो त्यांचाच. एवढ्यावर गठ्ठ्याचे तीन ढोबळ भाग पडतात.

मग आतल्या खुणा बघ. राष्ट्राध्यक्ष लुआगा दिसले की गोष्ट साठच्या दशकातली किंवा नंतरची. आफ्रिकेतले देश एकामागून एक स्वतंत्र होत होते तेव्हा फॉकनेही आपल्या काल्पनिक देशाला निवडून आलेला, डॉक्टरकी शिकलेला कृष्णवर्णीय अध्यक्ष दिला. त्याआधीच्या गोष्टींत जंगलातल्या माणसांचं चित्रण जागोजाग खटकेल. त्या गाळू नकोस. समोर साल लिहून वाच, म्हणजे लुआगा येतात तेव्हा केवढा पल्ला गाठलाय ते कळेल. सुरुवातीला तर हा देश आफ्रिकेत नव्हताच, आशियाकडे होता, हळूहळू सरकला. तुझ्या अंकांत त्याचं नाव डेंकाली आहे. मूळ नाव बंगालशी जुळणारं म्हणून इथे ते बदललं. सिंग चाच्यांचे सिंगा झाले, विसाव्या वेताळाचा मारेकरी रामा होता त्याचा रामालू झाला. वहीत मूळ नाव आणि इंद्रजालचं नाव शेजारी शेजारी लिही, नाहीतर एकच माणूस दोनदा मोजशील.

एक गुंता आधीच सोडवून ठेव. 28 मे 1939 पासून रविवारची रंगीत पुरवणी वेगळी सुरू झाली आणि तिची गोष्ट रोजच्या पट्टीहून वेगळी चालायची. म्हणजे एकाच महिन्यात वेताळ दोन ठिकाणी दोन वेगळ्या भानगडींत. दोन्ही एका रांगेत कोंबू नकोस, वहीत दोन रकाने कर. कोणती कुठली ते ओळखायला एक खूण उपयोगी पडते: रोजच्या पट्टीत आदल्या दिवशीचं वाचकाला आठवावं म्हणून दर तीन-चार चौकटींनी मागचा धागा पुन्हा सांगितलेला असतो. इंद्रजालने पानांत बसवायला अशा चौकटी बऱ्याचदा गाळल्या, पण सगळ्या नाही गेल्या. गोष्ट अचानक उडी मारते असं वाटलं तर तिथे काहीतरी कापलंय असं समज, वहीत फुली मार, आणि मूळ पट्ट्यांचं पुनर्मुद्रण मिळेल तेव्हा तेवढी जागा ताडून बघ.

क्रमांकांचंही थोडं सांगते. इंग्रजी अंकांत 123 आणि 124 शोधत बसू नकोस, ते निघालेच नाहीत. 443 नंतर सलग क्रमांक थांबून खंड आणि अंक अशी मोजणी सुरू होते. तिथे गठ्ठा तुटलाय असं वाटेल, तुटलेला नाही. आणि मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, आबिद सुरतींचा बहादूर, हे सगळे त्याच क्रमांकांत मिसळलेले आहेत. वेताळ वाचताना त्यांना बाजूला ठेव. त्यांना त्यांचा स्वतंत्र वेळ दे.

पावसाळ्यात गठ्ठे उघडू नकोस. कागद ओल पितो, पिना गंजतात आणि तो डाग पानात उतरतो. गंजलेली पीन ओढून काढायची नाही, मागून टोकं सरळ करून अलगद सोडवायची आणि त्याच भोकांतून सुती दोरा घालायचा. फाटलं तर चिकटपट्टी अजिबात नाही. ती पिवळी पडते आणि निघताना अक्षरं घेऊन जाते. कडुनिंबाचा पाला घालायचा तर पुरचुंडीत, पानांत नाही. लॅमिनेशनचं नावही काढू नकोस.

वाचताना एका बैठकीला एकच गोष्ट. या गोष्टी लोकांनी रोज तीन-चार चौकटी वाचल्यात, महिनोन्‌महिने वाट बघत. आणि वेताळ-डायनाच्या लग्नाची गोष्ट रांगेत येईपर्यंत काढू नकोस, कितीही वाटलं तरी. डायना 1936 च्या पहिल्याच गोष्टीत आहे आणि लग्न लागतं डिसेंबर 1977 मध्ये. त्यांची जुळी मुलं किट आणि हेलॉइज 1979 ची. मधली सगळी वर्षं वाचून तिथे पोच, आणि पोचलीस की मला फोन कर, कितीही वाजले असले तरी.