जुन्या व्हेलरचा भाव काढताना

मॅसॅच्युसेट्सच्या साऊथ शोअरवर राहायला आलो आणि मला जुन्या बॉस्टन व्हेलरचं वेड लागलं. तेरा फुटी आणि सतरा फुटी, दोन्हींचं. एखादी खंगलेली बोट घ्यायची, हिवाळाभर गॅरेजमध्ये घासायची, चार मोसम स्ट्राइप्ड बास आणि ब्लूफिशच्या मागे हिंडवायची आणि मग पुढच्या वेड्याच्या हवाली करायची, हा उद्योग बरीच वर्षं चालला आहे. त्यामुळे आसपासची मंडळी बोट विकायला काढली की ‘किती मागू?’ म्हणून माझ्याकडे येतात. त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितो. क्रम महत्त्वाप्रमाणे आहे असं मात्र नाही.

१. पावत्यांची बेरीज म्हणजे भाव नव्हे.

पुण्याचा एक तरुण मुलगा आपली सतरा फुटी माँटॉक विकायला निघाला, तेव्हा एक जाडजूड फाईल घेऊन आला. रंग, वायरिंग, नवी बाकं, इंजिन, ट्रेलर; प्रत्येक पावती प्लास्टिकच्या पाकिटात.

“काका, सगळं मिळून बत्तीस हजार डॉलर झालेत. तीस लावू का? वरचे दोन मी सोडून देतो.”

“तू किती घातलेस याच्याशी घेणाऱ्याला काय करायचंय? तो बोटीकडे बघणार आणि मनात म्हणणार, यात काय दडलंय कोण जाणे.”

“मग ही फाईल वायाच म्हणायची?”

“अजिबात नाही. फाईल दाखव, बेरीज दाखवू नकोस.”

माझा सगळा हिशेब यावर उभा आहे. घेणारा माणूस प्रत्येक शंकेचे पैसे कापतो, आणि शंका नेहमी खऱ्या दुरुस्तीपेक्षा महाग असते. डागडुजीतला जो भाग त्याची शंका पुसतो तेवढ्याचेच पैसे परत येतात. बाकीचा खर्च आपल्या हौसेचा. सिनेमाच्या तिकिटाचे पैसे कोणी परत मागत नाही, तसाच तो सोडून द्यावा.

२. आधी बोट कोरडी आहे की ओली, ते ठरवा. रंगरूप मागाहून.

इथे थोडा इतिहास सांगावा लागतो, कारण या बोटीची कीर्ती आणि तिचं दुखणं एकाच जागी आहे. डिक फिशर आणि आरेखक रे हंट यांनी १९५८ मध्ये तेरा फुटी व्हेलर बाजारात आणली. फायबरग्लासची दोन कवचं, एक आतलं आणि एक बाहेरचं, आणि त्यांच्या मधल्या पोकळीत कडक पॉलियुरेथेन फोम ठासून भरलेला. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात फोटो छापून आले. फिशर बोटीत बसलेला, बोट मधोमध करवतीने कापली जातेय, आणि मग हा गृहस्थ मागच्या अर्ध्या तुकड्यात बसून इंजिन चालवत निघून जातोय. न बुडणारी बोट म्हणून तिचा जो बोलबाला झाला तो आजही तिच्या किमतीत धरला जातो.

पण साठ वर्षांत या बोटींना मालकांनी किती भोकं पाडली असतील! दांडा बसवायला, गळ ठेवायच्या नळ्या बसवायला, बाकाचे कंस अडकवायला. त्यातलं जे भोक नीट बुजवलं गेलं नाही त्यातून पाणी हळूहळू फोममध्ये झिरपतं. न्यू इंग्लंडच्या हिवाळ्यात त्याचा बर्फ होतो, फोमच्या पेशी फुटतात आणि पुढच्या वर्षी आणखी पाणी मुरतं. गंमत म्हणजे बोट तरीही बुडत नाही, म्हणून मालकाला वर्षानुवर्षं पत्ताच लागत नाही. आणि मुरलेलं पाणी सहजासहजी बाहेर येत नाही. कवच कापून फोम खरवडून काढण्याचं काम बोटीच्या किमतीबाहेर जातं.

म्हणून मी पहिल्यांदा बोट काट्यावर नेतो. ट्रक तोलण्याचे सार्वजनिक काटे असतात, तिथे आधी ट्रेलरसकट वजन करायचं, मग बोट पाण्यात सोडून नुसत्या ट्रेलरचं. फरकातून इंजिन, बॅटरी आणि पेट्रोलचं वजन वजा केलं की बोटीच्या अंगाचं वजन हाती येतं. जुन्या तेरा फुटीचं अंग सुमारे ३२० पौंडांचं. एक गॅलन पाणी ८.३ पौंड भरतं. म्हणजे वजन शंभर पौंडांनी जास्त आलं तर बारा गॅलन पाणी कुठेतरी मुरलंय, किंवा कोणीतरी आत भलतंच काही बसवलंय. मग लहान हातोडीने ठोकत जायचं. कोरड्या जागी टणक, स्वच्छ आवाज येतो. ओल्या किंवा सुटलेल्या जागी बद्द. ओलावा मोजायचं यंत्रही मिळतं, पण ते रंगाच्या थरावर फसतं, त्यामुळे माझा भरवसा काटा आणि हातोडी यांच्यावरच जास्त.

ट्रान्सम, म्हणजे मागची उभी पाटी जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं, तिच्यात प्लायवूड असतं. इंजिन अर्धवट वर उचलून त्याचा खालचा भाग धरून जोर द्यायचा आणि पाटीकडे डोळे लावायचे. हलली, वाकली, कोपऱ्यात तडा उघडला, तर लाकूड कुजलंय असं धरून चालायचं.

विकणाऱ्याने हे सगळं आपणच करावं आणि काट्याची पावती त्या फाईलमध्ये सगळ्यात वर लावावी. पुण्याच्या मुलाला मी हेच करायला लावलं. ओली निघाली तर? तर तसं सांगून त्या भावात विकावी. ओल्या व्हेलरचा भाव हा तिच्यावरच्या सुट्या सामानाचा भाव असतो, त्यावर नव्या रंगाने काही फरक पडत नाही.

३. इंजिनाचा हिशेब बोटीपासून तोडून करा.

अशा लहान बोटींत इंजिन बहुतेक वेळा बोटीपेक्षा महाग असतं. घेणाराही मनातल्या मनात तसंच करतो: अंग एवढ्याचं, इंजिन एवढ्याचं, ट्रेलर एवढ्याचा. बोट १९७६ ची आणि इंजिन चार वर्षांचं असेल तर जाहिरातीत इंजिनाचं साल आधी लिहावं. चाललेले तास, सिलेंडरगणिक कम्प्रेशनचे आकडे, दरवर्षीच्या सर्व्हिसच्या नोंदी, हमी शिल्लक असेल आणि नव्या मालकाच्या नावावर होत असेल तर तिचा कागद, हे सगळं पैशात रूपांतर होणारं आहे.

कंपनी कोणती याचाही परिणाम होतो. एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबलं. तेव्हापासून चांगलं चाललेलं एव्हिनरूडही घेताना माणूस सुट्या भागांची चौकशी करतो, आणि चौकशी म्हटली की पैसे कापणं आलंच. दुसरी गोष्ट वजनाची. जुन्या तेरा फुट्या टू-स्ट्रोक इंजिनांच्या काळात आखलेल्या. आजची तेवढ्याच ताकदीची फोर-स्ट्रोक इंजिनं जड आहेत. तेरा फुटीवर चाळीस अश्वशक्तीचं नवंकोरं इंजिन लावलं की मागचा भाग खाली बसतो. जाणकार ते धक्क्यावरूनच ओळखतो. नव्या इंजिनाचे पूर्ण पैसे मिळतील ही आशा तिथे सोडावी.

४. मागितलेले भाव वाचू नका, मिळालेले शोधा.

जाहिरातीतला आकडा ही विकणाऱ्याची इच्छा असते. सहा महिने तीच जाहिरात दिसत असेल तर ती इच्छा अपुरी राहिली आहे, एवढंच त्यातून कळतं. जे. डी. पॉवर किंवा बीयूसीसारख्या दरपुस्तिका चाळाव्यात, पण त्यांना तुमच्या बोटीचं आयुष्य माहीत नसतं. मी तीन तरी विकल्या गेलेल्या बोटी शोधतो. विकणाऱ्याला नंतर फोन करून विचारलं, तर बहुतेक जण खरं सांगतात. सौदा झाल्यावर माणूस मोकळा होतो.

मग बेरीज-वजाबाकी. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत. समजा, तुमच्यासारखीच कोरडी सतरा फुटी, दहा वर्षांच्या इंजिनासह, १२,००० डॉलरला गेली. तुमचं इंजिन तीन वर्षांचं. नवं बसवून १२,००० चं आणि खाऱ्या पाण्यात पंधरा वर्षं चालेल असं धरलं, तर तुमच्या इंजिनात ९,६०० डॉलरचं आयुष्य शिल्लक, त्याच्यात ४,००० चं. फरक ५,६००. मी यातला निम्माच धरतो, कारण वापरलेल्या इंजिनाचं उरलेलं आयुष्य कोणी पुऱ्या दराने विकत घेत नाही. झाले १४,८००. तुमच्या ट्रेलरचे टायर आणि ब्रेक बदलावे लागणार, ६०० वजा. नवा मासे दाखवणारा स्क्रीन, काल बसवला असला तरी, शून्य. उरले १४,२००. त्या मुलाचा चेहरा उतरला तो या शून्यापाशी.

विमा कंपनीसाठी सर्व्हेयरकडून अहवाल घेतला असेल तर त्यातला योग्य आकडा वाचावा. अशा अहवालात बाजारभाव वेगळा दिलेला असतो आणि तशीच बोट नव्याने उभी करायचा खर्च वेगळा. विकणारे हटकून दुसरा आकडा वाचून दाखवतात.

५. गिऱ्हाईक कोण आहे ते आधी ओळखा.

एक असतो मासे मारणारा. त्याला गळ ठेवायच्या जागा, जिवंत आमिषाची टाकी आणि भरवशाचं इंजिन हवं. दुसऱ्याच्या वडिलांकडे अशीच बोट होती. त्याला आतला फिकट निळा रंग हवा, जो सत्तरच्या दशकात वाळूसारख्या रंगाने बदलला. वॉर्निश केलेलं महोगनीचं बाक हवं आणि बोट जुन्या रॉकलंडच्या कारखान्यातली हवी. पहिल्यासाठी पाडलेलं प्रत्येक भोक दुसऱ्याच्या भावातून जातं. दोघांना एकाच बोटीत खूश करायला गेलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची बोट दोघंही बघून जातात आणि तिथेच राहते. मला स्वतःला विचाराल तर मूळ रूपातली बोट विकायला जास्त वेळ लागतो, पण घासाघीस कमी होते.

६. नवा रंग संशय वाढवतो.

दोन भागांच्या पॉलियुरेथेन रंगाची फवारणी केलेली बोट आरशासारखी दिसते, आणि जाणकार माणूस लगेच विचारतो, खाली काय झाकलंय? रंगाच्या आधीचे, उघड्या फायबरग्लासचे, बुजवलेल्या भोकांचे फोटो असतील तर रंगाचे थोडे पैसे मिळतात. फोटो नसतील तर मूळचा, फिका पडलेला पण पॉलिश केलेला जेलकोटच बरा.

७. कागद.

१ नोव्हेंबर १९७२ पासून अमेरिकेत बनलेल्या बोटीवर बारा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो; व्हेलरचा बीडब्ल्यूसीने सुरू होतो. त्याआधीच्या बोटींवर नुसता कारखान्याचा क्रमांक. तो क्रमांक आणि कागदावरचा क्रमांक जुळतो का ते जाहिरात टाकण्याआधी बघावं. ट्रेलरचे कागद वेगळे असतात आणि मालकीचे नियम राज्यागणिक बदलतात. कागद अपुरे असले की शेजारच्या राज्यातलं गिऱ्हाईक हातचं जातं.

८. एप्रिल आणि ऑक्टोबर.

इकडे एप्रिलमध्ये हवा उबदार झाली की लोकांना बोटी आठवतात. ऑक्टोबरमध्ये त्याच बोटीबरोबर घेणाऱ्याला हिवाळ्याचं भाडं, प्लास्टिकचं वेष्टण आणि इंजिन बंद करून ठेवायचा खर्चही दिसतो, आणि तो सगळा तुमच्या आकड्यातून वजा होतो. विकायची घाई नसेल तर थांबावं. पण थांबण्याचा खर्च आपल्यालाही पडतो, तो मांडून मगच.

पहिल्या दोन आठवड्यांत पाचसहा जण बघून गेले आणि कोणीच आकडा बोललं नाही, तर आकडा चढा आहे. पहिल्याच दिवशी तिघे पैसे घेऊन दारात आले, तर कमी सांगितलात. पण शब्द दिला असेल तर पहिल्यालाच द्यावी. पुण्याच्या मुलाने मे महिन्यात साडेपंधरा हजार मागितले, चौदा हजार सातशेला दिली. घेणाऱ्याने सौदा ठरवताना काट्याची पावती मागून घेतली.