दोन फुटांचा हट्ट

लग्नसराईत सोलापूरच्या नवी पेठेत बस्ता बांधायला जिल्हाभरातून माणसं येतात. आत बायका साड्या उलगडून बघत असतात आणि पुरुष मंडळी बाहेर ताटकळत उभी असतात. त्यातली काही चालत चालत आमच्या दुकानापर्यंत येतात. वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे कुळवाच्या पासा, मोगड्याचे फाळ, नटबोल्ट मिळतात. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून एमआयडीसीत भाड्याने एक शेड घेतली आणि अवजारं बनवायला लागलो. तेव्हा दुकानात येणाऱ्यांच्या तोंडी एकच मागणी होती. जमीन खाली दगडासारखी झालीय, पाणी मुरत नाही, खोल जाणारं काहीतरी दे. सबसॉयलरची, म्हणजे खालचा घट्ट थर फोडणाऱ्या नांगराची, चौकशी करणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच करायचा: किती खोल जातो?

मी ठरवून टाकलं की माझा दोन फूट जाणार. खोलीचा आकडा आधी ठरला आणि बाकीचा नांगर त्याच्यापाठी काढला, ही माझी मुळातली चूक. या कामात पडणाऱ्या पोरांसाठी आणि असं अवजार विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी मी हे सविस्तर लिहितोय.

पहिल्या नांगराचा दांडा मी १६ मिलिमीटर जाड आणि १०० मिलिमीटर रुंद पट्टीचा केला. सरळ, उभा. टोकाला ५० मिलिमीटर रुंदीचा फाळ, तोही जुन्या पाट्याचा कापून घडवलेला. पट्टी किलोवर मिळते, म्हणून जाडी वाढवायला हात धजत नव्हता. त्या वेळी गणित करायला अर्धा तास काढला असता तर पुढचं टळलं असतं. भारी काळ्या जमिनीत दोन फुटांवरून एक दांडा ओढायला हजार-बाराशे किलोची ओढ सहज लागते. फ्रेमपासून टोकापर्यंत दोन फुटांचा हात धरला तर बाराशे किलोला त्या पट्टीवर येणारा ताण साध्या लोखंडाच्या सोसण्याच्या पलीकडे जातो. पट्टीची ताकद जाडीच्या पटीत आणि रुंदीच्या वर्गाच्या पटीत वाढते. २५ बाय १५० ची पट्टी घेतली तर वजन सव्वादोन पटींच्या आसपास वाढतं, पण ताकद साडेतीन पट होते. मी वाचवलेलं लोखंड पहिल्याच दिवशी वाया गेलं.

तो पहिला दिवस मोहोळ तालुक्यातल्या एका उसाच्या शेतावर गेला. शेतकरी वडिलांचे जुने गिऱ्हाईक, मी त्यांना मामा म्हणतो. कालव्याचं पाणी आल्यापासून त्या रानात ऊसच. खोडवा नुकताच तुटून गेला होता आणि भरलेल्या ट्रॉल्या ओल्या रानातून आडव्यातिडव्या फिरल्या होत्या. मामांना नांगरट लवकर उरकायची होती आणि मला नांगर दाखवायचा होता. दोघांनाही घाई. शेवटचं पाणी कधी दिलं होतं, हे मी विचारलंसुद्धा नाही.

पन्नास हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर. नांगर दोन फूट गेला, खोटं नाही. चाकं घसरायला लागली, इंजिन दबलं, तरी ओढत राहिलो. इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. असल्या कामात इंजिनची ताकद संपायच्या आधी ट्रॅक्टरचं वजन कमी पडतं. दोन-सव्वादोन टनांचा ट्रॅक्टर मोकळ्या रानात फार तर वजनाच्या निम्म्याएवढा ओढतो, त्याच्या वर चाक जागेवर फिरतं. चाक फिरलं की डिझेल तर जळतंच, शिवाय वरची माती पुन्हा रगडून घट्ट होते. घट्ट जमीन सैल करायला गेलेला मी तिथे नवी घट्ट जमीन तयार करत होतो.

बांधाजवळ वळताना ड्रायव्हरनं नांगर वर न उचलता स्टेअरिंग फिरवलं आणि दांडा वाकला. दोष त्याच्यावर टाकून मोकळं होता आलं असतं. पण ती पट्टी आडव्या बाजूनं उभ्या बाजूच्या सहापट कमजोर होती आणि ती मी निवडलेली होती. वळण्याआधी नांगर पूर्ण उचलायचा, हेसुद्धा मी त्याला सांगितलं नव्हतं.

वाकलेल्या दांड्यापेक्षा मोठी गोष्ट मात्र त्यानंतर समजली. मामांनी टिकाव-फावडं आणलं आणि नांगराच्या तासावर आडवा खड्डा काढला. मला खाली उतरायला लावलं. "लेका, तुझा नांगर जमीन फोडत न्हाई. सुरी घातल्यावानी नुसता चिरतोय. बग की."

मी गुडघे टेकून पाहिलं. वर वीतभर माती मोकळी झालेली. खाली बोटभर रुंदीची चीर सरळ दोन फुटांपर्यंत गेलेली आणि तिच्या दोन्ही कडा साबण फिरवल्यासारख्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या. तळाशी फाळाच्या मापाचं भोक, जणू कुणी नळी दाबून काढून घेतली होती. दहा ते पंधरा इंचांमधला टणक थर, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप केला, तो चिरेच्या दोन्ही अंगांना जसाच्या तसा. त्यात उसाची मुळं पंज्यासारखी आडवी पसरून थांबलेली होती. त्या खड्ड्यात मला जे कळलं ते डिप्लोमाच्या पुस्तकात मी वाचलं नव्हतं.

असं का झालं, ते नंतर शोधलं. इंग्लंडमधल्या सिल्सो इथे स्पूर आणि गॉडविन या दोन शास्त्रज्ञांनी खोल मशागतीच्या दात्यांवर, म्हणजे फाळ लावलेल्या दांड्यांवर, प्रयोग करून १९७८ साली ते छापले. दाता जमिनीत असतो तेव्हा ठरावीक खोलीपर्यंत माती पुढे आणि वर उचलली जाते, तडकते आणि सैल होते. त्या मर्यादेच्या खाली गेलं की मातीला वर जायला वाट उरत नाही. मग ती बाजूला दाबली जाते. ही मर्यादा फाळाच्या रुंदीच्या पाच ते सात पट धरतात. माझा फाळ ५० मिलिमीटरचा, म्हणजे मर्यादा एक फुटाच्या आसपास, आणि मी दोन फुटांवर. चिकण माती ओली असेल तर ही मर्यादा आणखी वर येते. त्यामुळे त्या दिवशी आमचा खालचा फूटभर प्रवास डिझेल जाळून माती दाबण्याचाच होता.

त्याची झळ मामांना पुढे सोसावी लागली. दिलेलं पाणी त्या चिरा धरून शेताच्या खालच्या टोकाला पळायचं आणि मधले पट्टे कोरडे राहायचे. रान वाळलं तसं जमिनीनं त्याच चिरांवर भेगा मोठ्या केल्या आणि त्यात कोवळी मुळं तुटली. मी मजुरी घेतली नाही, पण त्यानं काही भरून निघालं नाही.

पुढच्या नांगराचं काम मी कागदावर सुरू केलं नाही. आधी पहार घेऊन शेतात गेलो. पाऊस पडून गेल्यावर, माती ओलसर असताना, टोकदार सळई हातानं दाबत जायची. जिथे ती अडते तिथे थर सुरू होतो, जिथे पुन्हा सुटते तिथे संपतो. हे दहा-बारा ठिकाणी करायचं आणि दोन-तीन ठिकाणी खड्डा काढून डोळ्यांनी बघायचं. तुरीचं खुंट असेल तर ते उपटूनच बघा. सोटमूळ खाली जाता जाता काटकोनात वळलेलं दिसलं की थर कुठे आहे ते पहारीशिवायही कळतं. नांगर थराच्या तळाच्या इंच-दोन इंच खाली चालला की पुरे. मामांच्या रानात थर पंधरा इंचांवर संपत होता, म्हणजे सतरा इंच बस्स होते. चोवीस इंच कुणालाच नको होते.

सतरा इंच ठरल्यावर बाकी सगळं आपोआप जागेवर बसत गेलं. फाळ ७५ मिलिमीटर रुंद केला. दांडा २५ बाय १५० चा, पुढे वाकवलेला आणि पुढची धार तासून घेतलेली. फाळाचा जमिनीशी कोन पंचवीस अंशांच्या आसपास ठेवला. कोन उभा झाला की नांगर माती उचलायच्या ऐवजी ढकलतो आणि ओढ वाढते. फाळाच्या पोटाखाली थोडी मोकळी जागा हवी, तरच तो आत ओढ घेतो. टोक झिजून ही जागा गेली की नांगर वर तरंगतो. मग माणसं त्यावर दगड ठेवतात, नाहीतर पोरगा उभा करतात. हे कधीही, कुणीही करू नका. माझ्यासमोर दाता खडकात अडकून फ्रेम उसळली आहे. वर उभा असलेला मुलगा आधीच उडी मारून उतरला, म्हणून वाचला. टोक बदलायचं असतं, माणूस चढवायचा नसतो. म्हणून टोक दोन बोल्टांवर बसवा, वेल्डिंग करून कायमचं जोडू नका.

फाळाच्या दोन्ही अंगांना पंख लावले. पंखांनी ओढ काहीशी वाढते, पण सैल होणारी माती जवळपास दुप्पट होते आणि ती दाबली जाण्याची मर्यादाही खाली सरकते. साध्या दात्यानं दोन तासांमध्ये खोलीच्या दीडपट अंतर ठेवावं लागतं, पंखांच्या दात्यानं दुप्पटीपर्यंत चालतं. पन्नासच्या ट्रॅक्टरला एकच दाता द्या. गिऱ्हाईक दोन मागतं, तरी एकच द्या.

तुटणाऱ्या बोल्टाचं एक राहिलं. दांड्याच्या वरच्या भोकात मुद्दाम कच्चा बोल्ट घालतात, तो अडचणीत तुटावा म्हणूनच. एका ड्रायव्हरनं वैतागून तिथे हाय-टेन्साइल बोल्ट घातला. बोल्ट टिकला, पण ट्रॅक्टरच्या लिंकचा कान उपसून आला. आता मी नांगराबरोबर दहा कच्चे बोल्ट फुकट देतो.

वाफशाबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. वरची माती वाळली म्हणजे खालची वाळली असं बागायतीत होत नाही. नांगर जिथे चालणार तिथली मूठभर माती काढा आणि तळहातावर वळा. काडीपेटीच्या काडीहून थोडी जाड वळी न तुटता झाली, तर ट्रॅक्टर परत न्या. चुरली, तर चालवा. अगदी विटेसारखी कडक झाली असेल तर तेही बरं नाही, मोठे ढपले निघतात आणि ओढ भलतीच वाढते. उसाचं रान खालून वाळवायचा चांगला मार्ग म्हणजे मधे हरभऱ्यासारखं पीक घेऊन त्याला पाणी कमी देणं. खालची ओल मुळंच शोषून घेतात.

नांगर कुणाला विकायचा नाही, हेही मला हळूहळू कळलं. आपल्या भारी काळ्या जमिनी ओल्या झाल्या की फुगतात, वाळल्या की भेगाळतात. जिरायती ज्वारीच्या रानात उन्हाळ्यातल्या हातभर भेगा खोल मशागतीचं काम दरसाल फुकट करतात. सोलापूरला १९३३ मध्ये कोरडवाहू शेतीचं संशोधन केंद्र सुरू झालं. त्या काळच्या मुंबई इलाख्याच्या पद्धतीतही खोल नांगरट तीन वर्षांतून एकदाच सांगितली होती, तीही बांधबंदिस्ती, शेणखत आणि पातळ पेरा यांच्या जोडीनं. घट्टपणा वाढलाय तो मुख्यत: पाण्याखालच्या रानात, जिथे जमीन वाळून भेगाळतच नाही आणि वरून ट्रॉल्या आणि रोटाव्हेटर फिरतात. चोपण जमिनीत तर आधी निचरा आणि जिप्सम. नुसता सबसॉयलर घातला तर पहिल्या पाण्यात ती पुन्हा बसते. जिरायतीवाल्या दोन शेतकऱ्यांना मी सुरुवातीला नांगर विकले. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते असं शेतकरी म्हणायचे. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली, असं सांगतात. मला ती दोन वर्षं फार मोलाची वाटतात. माझा नांगर पहिल्याच महिन्यात खपला आणि शेतात उतरून बघायची सक्तीच माझ्यावर आली नाही.

मामांनी मला पुन्हा रानात येऊ दिलं, हा त्यांचा मोठेपणा. दुसऱ्या वर्षी उसाच्या जागी हरभरा घेतला, तो निघाल्यावर एप्रिलच्या अखेरीस सतरा इंचांवर नांगर चालवला. या वेळी तासाच्या दोन्ही बाजूंची जमीन लाटेसारखी किंचित वर उचलली जाऊन बसताना दिसत होती. मागे चालत गेलं की पायाखाली ती भुसभुशीत लागायची. पावसाळ्यात त्यांनी ताग पेरला. ताग गाडायच्या आधी आम्ही खड्डा काढला. एक मूळ जुन्या थरातून, तडकलेल्या दोन ढेकळांच्या मधून वाट काढत सरळ खाली गेलं होतं. मामांनी ते बोटांनी हलकेच मोकळं केलं आणि कितीतरी वेळ हातात धरून ठेवलं.

मग ते ओढ्याकडच्या तुकड्याकडे वळले. "तिकडंबी घाल की आता." मी पहार मारली. चौदा इंचांवर खण्‌कन आवाज आला. दुसरीकडे मारली, तिथे बारा इंचांवर. खाली मुरूम. मी म्हटलं, "मामा, इथं घातला तर मुरूम वर येईल, माती खाली जाईल. इथं नको." ते जरा नाराज झाले. त्या तुकड्यात आम्ही नांगर घातला नाही. पहार ट्रॉलीत टाकली आणि अंधार पडायच्या आत सोलापूरची वाट धरली.